माडाच्या आळ्यात सापडलेली सुई: घरी लावलेलं सलाईन आणि त्यानंतरचे दिवस

सुरंगी · सोमवार, दुपारी १२.४०

घाईत लिहिते आहे, कुणी जाणकार असेल तर लगेच सांगा. आम्ही देवगड तालुक्यात खाडीच्या अंगाला राहतो. सासूबाईंना, वय ७४, शुक्रवारपासून जुलाब होत होते. शनिवारी व्हाळाला पाणी चढलं आणि रिक्षा वर येईना. शेवटी गावातल्याच एकांना बोलावलं. पूर्वी ते एका दवाखान्यात कामाला होते, आता घरोघरी जाऊन सलाईन लावतात. दोन बाटल्या लावल्या, आईंना हुशारी आली. जाताना त्यांनी रिकाम्या बाटल्या, नळ्या, कापूस असं सगळं एका पिशवीत कोंबून पडवीत ठेवलं. काल ती पिशवी आमच्याच हातून मागीलदारी माडाच्या आळ्यात गेली. पिशवीत सुई आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आज साडेअकराच्या सुमाराला थोरल्या जाऊबाई अनवाणी केर टाकायला गेल्या आणि टाचेत सुई घुसली. उपटून काढली, रक्त आलं, त्यांनी हळद दाबली आणि परत कामाला लागल्या. म्हणतात, काटा मोडला तरी एवढंच होतं. मला मात्र धीर धरवत नाही. काय करू?

अबोली · सोमवार, १२.५२

ताई, मी राजापूर तालुक्यात स्टाफ नर्स आहे. आधी एवढं करा, बाकीचं नंतर वाचा.

हळद धुऊन काढा. टाच साबण लावून वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. दाबून, पिळून रक्त काढू नका. चुना, डेटॉल, ब्लीचिंग पावडर काही लावू नका. आणि आजच ग्रामीण रुग्णालयात जा, उद्यावर ढकलू नका. तिथे केसपेपर काढताना ‘टाचेला लागलंय’ असं मोघम सांगू नका, ‘दुसऱ्या माणसाला वापरलेली सलाईनची सुई टोचली’ असं सांगा. एचआयव्ही रोखण्याचं औषध लागणार असेल तर जितकं लवकर तितकं चांगलं, शक्य असेल तर दोन तासांच्या आत. ७२ तास उलटले की ते सुरू करत नाहीत. औषध लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण ठरवायला वेळ हाताशी हवा.

निघण्याआधी मला तीन गोष्टी सांगा. सुईला हात न लावता बघा, ती दिसते कशी? सलाईन लावताना पाकीट तुमच्यासमोर फोडलं होतं का? आणि जाऊबाईंनी हेपटायटिस बी, म्हणजे ब प्रकारच्या काविळीची लस कधी घेतली आहे का?

सुरंगी · सोमवार, १.१०

पाय धुतला. लस कधीच घेतलेली नाही. पाकिटाचं आठवत नाही. लाइट गेली होती, मी बॅटरी धरून उभी होते, पण माझं सगळं लक्ष आईंच्या तोंडाकडे. सुई बारीक आणि लांब आहे, मागे पारदर्शक प्लॅस्टिकची चिमुकली डबी आहे आणि त्या डबीत काळपट काहीतरी सुकलंय. दुसरी एक सुई बाटलीच्या बुडात अजून टोचलेली दिसते, तिचं मागचं प्लॅस्टिक गुलाबी आहे.

अबोली · सोमवार, १.१८

छान बघितलंत. बाटलीच्या बुडातली गुलाबी सुई हवा आत जायला टोचतात, तिचा रक्ताशी संबंध आलेला नसतो. ही पद्धत चुकीची आहे, त्यावर नंतर बोलू. टाचेत गेलेली सुई कॅन्युलाच्या आतली आहे, आपल्याकडे त्याला सगळे इंट्राकॅथ म्हणतात. सुई शिरेत पोचली की मागच्या त्या डबीत रक्त दिसतं, त्यावरून लावणाऱ्याला कळतं की शीर सापडली. म्हणजे ही सुई रक्ताची आणि आतून पोकळ आहे. शिवणाच्या सुईपेक्षा हिची धास्ती जास्त, कारण पोकळीत रक्त राहतं.

सासूबाईंना चालवत असेल तर त्यांनाही सोबत न्या. सुई ज्यांना वापरली त्यांच्या रक्ताच्या तीन तपासण्या झाल्या, एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी, की अर्धा प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा पाकिटाचा, म्हणजे सुई कोरी होती की आधी दुसऱ्या कुणाला वापरलेली. पिशवीत हात घालू नका. अंगणात कागदावर ती उपडी करा आणि काठीने पसरून फाडलेलं वेष्टन मिळतं का बघा. सुया सांडशीने उचलून जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका, फिनेलची रिकामी बाटली चालेल. झाकण घट्ट लावा.

माडाखालचो · सोमवार, २.०५

सुरंगी गो, जावेक घेऊन जा आदी, हळद बिळद सगळा नंतर. आमच्या लहानपणी डॉक्टर काचेची सिरिंज नि सुयो स्टीलच्या डब्यात घालून स्टोव्हार उकळत ठेवी. तो वास माका अजून आठवता. तेव्हा सुई डॉक्टराची होती, ती तो जपी. आता सुई येकदाच वापरूची, ह्या बरा झाला. पण वापरल्यार ती ठेवूची खय, ह्याचो इचार आमच्या वाडयेत कोणी करूक नाय.

निळीशाई · सोमवार, ४.३०

मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. ताई आता रुग्णालयात असतील, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो. ज्याच्या रक्तात हेपटायटिस बी आहे अशा माणसाची सुई लस न घेतलेल्याला टोचली तर लागण होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. हेपटायटिस सी ची शंभरात दोन-तीन. एचआयव्हीची हजारात तीन. लोक एचआयव्हीला घाबरतात आणि बी ला ‘साधी कावीळ’ म्हणतात, इथेच गणित उलटं होतं. बी चा विषाणू सुकलेल्या रक्तात बाहेर सात दिवस टिकू शकतो. ताईंची सुई शनिवारची आहे, आज सोमवार.

दिलासा देणारी गोष्ट अशी की तिघांपैकी बी ला लस आहे आणि टोचल्यानंतर लगेच सुरू केली तरी तिचा उपयोग होतो. सी ला लस नाही, पण तो आता गोळ्यांनी बरा होतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.

तुतारी_एक्स्प्रेस · सोमवार, रात्री ९.१५

वाचून हात थरथरले. माझे आईवडील सावंतवाडीजवळ एकटे राहतात आणि त्यांनाही असंच कुणीतरी घरी येऊन सलाईन लावतं. त्या माणसाची पोलिसांत तक्रार करायला हवी. ही काय पद्धत झाली? एक विचारतो, आईच्या नळीत एकदा हवेचा बुडबुडा दिसला होता तेव्हा आम्ही सगळे घाबरलो होतो. त्याने जीव जातो का?

सुरंगी · मंगळवार, सकाळी ७.३०

काल रात्री साडेआठला घरी आलो. सगळ्यांचे आभार, अबोलीताईंचे जास्तच. सासूबाईंच्या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या. आणि वेष्टन सापडलं! पिशवीच्या तळाशी बाटलीला चिकटून बसलं होतं, एका बाजूने सोललेलं, वर बॅच नंबर आणि मुदत वाचता येत होती. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी बघून एचआयव्ही रोखण्याचं २८ दिवसांचं औषध सुरू केलं नाही. जाऊबाईंना हेपटायटिस बी चा पहिला डोस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. त्यांचंही रक्त घेऊन ठेवलं, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे.

सगळ्या धावपळीत मला बोचत राहिलं ते असं. दोन तास मी त्या बाटलीकडे बघत बसले होते, किती उरली, थेंब पडतो की नाही. हाताकडे, सुईकडे, पाकिटाकडे एकदाही बघितलं नाही. बघायचं असतं तरी काय बघायचं हे ठाऊक नव्हतं. सिस्टर, डॉक्टर, कुणीतरी ते लिहा ना. आमच्यासारख्या उशाशी बसणाऱ्यांसाठी.

अबोली · मंगळवार, दुपारी ३.२०

ड्यूटी संपवून बसले आहे, सावकाश लिहिते.

पहिला गैरसमज म्हणजे ‘हातात सुई आहे, हात हलवू नको’. इंट्राकॅथ लावल्यावर पोलादी सुई लगेच बाहेर काढतात. शिरेत राहते ती मऊ प्लॅस्टिकची नळी. म्हणजे आजी चमचा धरू शकतात, कूस बदलू शकतात. पण याचाच दुसरा अर्थ असा की लावल्याच्या त्या क्षणी एक रक्ताची उघडी सुई लावणाऱ्याच्या हातात असते. ती कुठे जाते ते बघा. गादीवर, ट्रेमध्ये, चिकटपट्टीच्या गुंडाळीशेजारी ठेवली तर समजा पुढे कुणाला तरी टोचणार. ती थेट जाड डब्यात गेली पाहिजे. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नये, त्या खटपटीत आमच्याच कितीतरी जणींची बोटं टोचली गेली आहेत. रुग्णालयात सुयांसाठी पांढरा, अर्धपारदर्शक, न भोसकणारा डबा असतो आणि नळ्या लाल पिशवीत जातात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत तसं सांगितलं आहे.

दुसरं, पाकीट. कॅन्युला, नळीचा सेट, सिरिंज, तिन्ही बंद पाकिटातून तुमच्या डोळ्यांदेखत निघाली पाहिजेत. ‘पाकीट दाखवा हो’ असं म्हटल्याने चांगल्या माणसाला राग येत नाही. आणि नुसती सुई बदलून सिरिंज तीच, हे चालत नाही. सिरिंजमध्येही रक्त मागे ओढलं जातं, डोळ्याला न दिसण्याइतकं थोडं.

तिसरं हात. लावणाऱ्याने आधी हात धुवावेत. स्पिरिट लावल्यावर ते वाळू द्यायचं, ओल्यावर टोचायचं नाही. पुसून झाल्यावर शीर चाचपायला पुन्हा बोट लावलं तर पुसणं फुकट गेलं. सकाळी स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले कापसाचे बोळे दिवसभर वापरणं बऱ्याच ठिकाणी बघते. तसं करू नये, त्या डब्यातच जंतू वाढतात. बोळा त्या वेळी भिजवायचा.

आता बाटलीत टोचलेली सुई. हे मी मुद्दाम लांबवून सांगणार, कारण हे आपल्याकडे घरोघरी होतं आणि यात चूक आहे असं कुणाला वाटतही नाही. प्लॅस्टिकची बाटली रिकामी होऊ लागली की आत हवा नसल्याने थेंब मंदावतात. मग बुडात एक सुई भोसकतात, थेंब धो धो पडू लागतात, घरचे खूश. पण त्या भोकातून खोलीतली हवा थेट पाण्यात जाते, चुलीचा धूर, धूळ, पावसाळ्यातली बुरशी, सगळ्यासकट. ग्लुकोजच्या पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि ते पाणी चाललंय कुठे, तर सरळ रक्तात. तुम्ही उकळून गाळून पाणी पिता आणि शिरेत हे घेता. खरं तर नळीच्या सेटवर, थेंब पडतात त्या कुपीच्या बाजूला, हवेसाठी गाळणी बसवलेलं छोटं झाकण असतं. ते उघडलं की झालं. पिशवीसारख्या मऊ बाटल्या आपोआप आक्रसतात, त्यांना हवा लागतच नाही. सेटला झाकण नसेल तर हवेचं झाकण असलेला सेट मागा.

सलाईन चालू असताना दर अर्ध्या तासाने हात बघा, बाटली नव्हे. टोचलेल्या जागी सूज आली, तो भाग गार आणि ताठ लागला तर पाणी शिरेबाहेर जातंय. लालसर, गरम, दुखरं झालं, किंवा शिरेच्या रेघेवर दोरीसारखं कडक लागलं तर शीर सुजली आहे. दोन्ही वेळा नळीवरचं चाक बंद करा आणि लावणाऱ्याला बोलवा. ‘थोडंच उरलंय, संपू दे’ म्हणू नका. थंडी वाजून हुडहुडी भरली तरी तेच. थेंब थांबले म्हणून सिरिंजने जोर लावून ढकलू देऊ नका, टोकाशी गोठलेली गुठळी आत जाते.

आणखी एक राहिलं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात आणि डायलिसिससाठी शीर जोडलेला हात टोचायला देऊ नये. घरच्यांनी हे आधी सांगावं, पेशंट गुंगीत असतो.

तुतारीदादा, नळीतल्या लहानसहान बुडबुड्यांनी काही होत नाही. नळी पाण्याने पूर्ण भरून मगच जोडायची हा नियम आहेच. पण बुडबुड्याला घाबरणारे आपण बाटलीतल्या सुईला घाबरत नाही, याचं मला वाईट वाटतं.

खाडीपलीकडे · मंगळवार, रात्री १०.४०

सिस्टरनी लिहिलंय त्यात मी काही घालावं असं नाही, फक्त त्याच्याही आधीचा प्रश्न मांडतो. गेली २२ वर्षं किनारपट्टीवर डॉक्टरकी करतो आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना सलाईनची गरज नसते आणि त्यांना तेच हवं असतं. ‘डॉक्टर, दोन बाटल्या चढवा, अंगात ताकद नाही.’

बाटलीत काय असतं ते सांगतो. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाच-सहा चमचे साखर. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. बाकी पाणी. आपल्या घरातली उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, वाटीवाटीने पाजली तर जुलाबाच्या बहुतेक माणसांना पुरते. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, त्याहून चांगलं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, शिरेतून द्यायचं पाणी संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूंचं प्रमाण झरझर खाली आलं. तोंडाने पाजलेल्या पाण्याला सुई लागत नाही. न टोचलेली सुई कुणाच्या टाचेत जात नाही.

वयस्क माणसाला गरज नसताना दोन बाटल्या भराभर चढवल्या आणि त्याचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलं तर ते पाणी फुप्फुसात साचतं, धाप लागते. रात्री होडीतून असा पेशंट पलीकडे न्यावा लागलेला मी बघितला आहे.

मग सलाईन कधी? पाजलेलं पोटात ठरत नाही, लघवी थांबली आहे, डोळे खोल गेलेत, माणूस शुद्धीत नीट नाही, तेव्हा. आणि अशा माणसाची जागा घरातल्या खाटेवर नाही. भात लावणीच्या दिवसांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल, तर लेप्टो, म्हणजे उंदरांमुळे पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, असू शकतो. घरी सलाईन लावून दोन दिवस घालवले की तेच दोन दिवस महागात पडतात.

फुरशाचं वेगळं सांगतो, कारण ते आपल्याच कातळावरचं जनावर आहे. फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. अशा माणसाला वाटेत कुणीही जागोजाग टोचू नये, दंडात कमरेत इंजेक्शनं देऊ नयेत. प्रत्येक भोकातून रक्त झिरपत राहतं. त्याला लागते सर्पविषावरची लस, ती शिरेतूनच, डॉक्टर समोर उभे असताना, कारण तिची रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि ती आवरणारं अ‍ॅड्रिनलिन हाताशी भरून ठेवावं लागतं. एक नीट लावलेली, नीट बांधलेली कॅन्युला तिथे जीव वाचवते. सुईशी माझं वैर नाही, हे कळावं म्हणून लिहिलं.

निळीशाई · बुधवार, सकाळी ८.०५

डॉक्टरांच्या म्हणण्याला जोडून. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात हेपटायटिस बी ची मोठी साथ आली होती, वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे. माणसं दगावली. २०१९ मध्ये सिंधमधल्या रतोदेरोला शेकडो जणांना एचआयव्ही निघाला, बहुतेक लहान मुलं, तिथेही कारण हेच. त्यातली बरीच माणसं ताप, खोकला अशा साध्या दुखण्यांसाठी सुई घ्यायला गेली होती.

चौथी_वाडी · बुधवार, ११.३०

मी ग्रामपंचायत सदस्य आहे. हा धागा काल आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरना वाचून दाखवला. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी घरात वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे ओल्या-सुक्यात टाकायच्याच नाहीत. गावात इन्सुलिन घेणारी किती घरं आहेत ते मोजलं तर आमच्या एका वाडीत ११ निघाली. त्यांच्या सुया जातात कुठे? कुणी चुलीत, कुणी शेणकीत, कुणी खाडीत. ओहोटीला मुलं तिथेच शिंपल्या काढायला उतरतात.

माडाखालचो · बुधवार, १२.१०

तुतारी, तक्रार कर म्हणतंस ता खरा. पण रातीच्या दोन वाजता आमच्याकडे येता कोण, तोच. त्याका कोणी शिकवल्यान काय?

खाडीपलीकडे · बुधवार, दुपारी २.००

काका, तुमचा प्रश्न रास्त आहे, तरी माझं उत्तर स्पष्ट आहे. नोंदणी नसलेल्या माणसाने शिरेत काहीही घालू नये. तो मनाने चांगला असेल, पण रिअ‍ॅक्शन आली तर त्याच्याकडे औषध नसतं. रात्री दोनला १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत ओआरएस पाजत राहा. रस्ता तुटला असेल तर व्हाळापर्यंत खुर्चीत बसवून आणा, आम्ही पलीकडे उभे राहतो. हे मी याआधी केलं आहे.

सुरंगी · रविवार, संध्याकाळी ६.५०

शेवटचं कळवते. काल ते गृहस्थ आईंची चौकशी करायला आले होते. जाऊबाईंनी त्यांना टाच दाखवली. बराच वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, दवाखान्यात होतो तेव्हा सुया मोजून डब्यात टाकायचो, बाहेर पडल्यावर डबाच राहिला नाही. मी त्यांना डॉक्टरांचं लिहिणं वाचून दाखवलं, सगळं. सलाईन यापुढे लावणार नाही असं त्यांनी कबूल केलं आहे. घरात साठलेल्या सुया त्यांनी आज उपकेंद्रात नेऊन दिल्या, तेलाचा पाच लिटरचा कॅन जवळजवळ भरला होता. सिस्टरनी तो उघडला नाही, तसाच चिकटपट्टी लावून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गाडीत ठेवला.

माडाचं आळं आम्ही तिघांनी फावड्याने वरची माती काढून, लोहचुंबक फिरवून तपासलं. आणखी एक सुई मिळाली, जुनी, गंजलेली. आमची नव्हती, किंवा असेल.

आई आता पेज घेतात. जाऊबाईंचा दुसरा डोस गणपतीच्या आधीच्या आठवड्यात येतो, तिसरा सहा महिन्यांनी. दुसऱ्या डोसाला मी आणि माझा मुलगाही लस सुरू करणार आहोत. आणि मागीलदारी जाताना आता चपला घालायच्या असं ठरलं आहे, जाऊबाई सोडून सगळ्यांनी पाळलं आहे.

अबोली · रविवार, रात्री ८.२०

जाऊबाईंना सांगा, सिस्टर रागावली आहे. सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नका, तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.